पंखवाल्या मोटारीची उजवी बाजू

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी बोट दाखवायला नको: त्या मोटारीचं चित्र अंबरनाथहून उल्हासनगरच्या कॅम्पात नेलं ते मी. खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवलं तेही मीच. पुढं जे झालं त्याचा दोष कुणी अमेरिकेला देतं, कुणी माझ्या बाबांना. दोघंही निर्दोष आहेत. अमेरिकेबद्दल हे वाक्य मी पुन्हा लिहिणार नाही.

तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि बदलापूरच्या शाळेत तिसरीला शिकवत होते. शाळेतून उरलेला वेळ पत्रकं लिहिण्यात जायचा. आमची एक समिती होती. बेलवलीचे निवृत्त मास्तर अध्यक्ष आणि मी चिटणीस. सभासद मिळाले की घेणार होतो. मागणी एकच: बारवी नदीच्या बाजूच्या पाड्यांवरून आजारी माणूस बदलापूरच्या दवाखान्यात आणायला एक गाडी द्या. तोवर माणसं डोलीतून येत. डोली म्हणजे एक बांबू, बांबूला गोधडी, गोधडीत माणूस. बाळंतीण असली तर निघताना एक माणूस आणि पोचताना कधी कधी दोन. यावर मी सात पत्रकं काढली होती. सातही पत्रकांना सरकारचं उत्तर एकच होतं: उत्तर नाही.

माझे बाबा अंबरनाथच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. साहेब लोकांच्या क्लबात वाचून टाकलेली परदेशी मासिकं ते घरी आणत आणि देवाच्या पोथीसारखी हात धुऊन वाचत. त्यातल्याच एका मासिकात ते पान होतं. अमेरिकेतल्या कुठल्याशा शहरात मोटारींचं प्रदर्शन भरलेलं. गोल फिरता चौथरा, त्यावर मोटार, मोटारीशेजारी कोपरापर्यंत हातमोजे चढवलेली एक बाई. मोटारीला बोट लागलं तर विटाळ होईल अशी उभी.

"ही उद्याची मोटार आहे," बाबांनी मजकूर वाचून सांगितलं. "नमुना. जगात एकच केलीय."

"मग विकणार कुणाला?"

"विकायची नाही गं."

"मग चालवणार कोण?"

"चालवायचीही नाही. कल्पना मांडायची. लोकांनी बघायचं आणि थक्क व्हायचं."

मी बघितलं. नाक विमानासारखं टोकदार. मागे माशाच्या शेपटीसारखे दोन उभे पंख. शेपटीच्या टोकाला लाल दिवा, बंबातल्या निखाऱ्यासारखा. डोक्यावर काचेचा घुमट. दार उघडलं की आतली खुर्ची आपोआप बाहेर वळते, म्हणजे बाईसाहेबांना वाकायला नको. आणि सगळ्यावर कडी म्हणजे, पाठीवर कुठंतरी एक कळ बसवलेली. तिच्यावर पावसाचा थेंब पडला की छप्पर आपलं आपण मिटतं.

"एका थेंबानं!" बाबांचा आवाज कापरा झाला.

"आपल्याकडं जूनमध्ये मिटलेलं दसऱ्याला उघडेल," मी म्हटलं. "आणि त्या काचेखाली वैशाखात अंबरनाथच्या फाटकावर बसवा त्या बाईला. वीस मिनिटांत मोदक."

"उकडीचा का तळणीचा?" आईनं आतून विचारलं.

"उकडीचा! तोही हातमोजे घातलेला!"

बाबा हसले नाहीत. मी पान फाडून घेतलं. त्याच दिवशी आठवं पत्रक लिहिलं, त्याचा मथळा मला अजून पाठ आहे: 'अमेरिकेत मोटारीला पंख, बारवीत माणसाला बांबू!' आणि फलक करायला म्हणून ते पान पुठ्ठ्यावर चिकटवलं. माझ्या खळीबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. गव्हाचं पीठ, त्यात चिमूटभर मोरचूद, मंद आचेवर घोटलेली. भिंतीवरचं माझं पत्रक खरवडायला गेलं तर भिंतीचा चुना हातात येतो, पत्रक येत नाही. या खळीचा मला अभिमान होता. होता, असं लिहिते.

सभेसाठी पत्र्याचा भोंगा हवा होता. म्हणून फलक काखेत मारून मी पाच नंबरच्या कॅम्पात चाचांच्या शेडवर गेले. चाचा सिंधी पत्रे-कारागीर. फाळणीत सिंधमधून निघताना त्यांनी एक ऐरण, तीन हातोड्या आणि बायको एवढं आणलं. बायकोचं, म्हणजे चाचीचं, म्हणणं असं की हे कुणालाही सांगताना तिचा नंबर तिसऱ्या हातोडीनंतर लागतो.

त्या दिवशी शेडच्या दारावर चुन्याची मोठी फुली होती.

"हे काय, चाचा?"

"रस्ता चौडा होणार," चाचा म्हणाले. त्यांचं मराठी कॅम्पातल्या भाजीवालीकडून आलेलं आणि हिंदीत बुडवून काढलेलं. "बारा शेड, बाराही पे फुली. शिवरात्रीला तुमच्या शिवमंदिराजवळ प्रदर्शन है ना, छोटे उद्योग का? कॅम्प का साहब येणार. ज्याचा उद्योग त्याला पसंत, उसको पक्का कागज, रस्त्यापासून दूर पक्की जागा. बाकी सब साफ."

"मग मांडा ना तुमच्या ट्रंका."

"बेटी, बारा शेड में बारा ट्रंकवाले. साहब बारा ट्रंक देखेगा, एक-दो को कागज देगा. और वो मैं नहीं. माझी कडी बसत नाही, सबको मालूम है."

"झाकणही बसत नाही," चाची म्हणाली. ती उन्हात खाटेवर पापड पसरत होती.

एवढ्यात चाचांची नजर माझ्या काखेतल्या फलकावर गेली. त्यांनी हातोडी खाली ठेवली. फलक दोन्ही हातांनी घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"ये क्या है?"

"हा अन्याय आहे, चाचा."

"अन्याय का शेपूट किती सुंदर आहे," चाचा म्हणाले.

मी चिडले. ते चित्र लोकांनी संतापावं म्हणून होतं. मी चाचांना डोली समजावून सांगितली, बांबू समजावून सांगितला, सात पत्रकं समजावून सांगितली. चाचा मान डोलवत राहिले आणि बोटानं पंखाची रेघ गिरवत राहिले.

"तुम्हाला संताप येत नाही?"

"येतो ना. बहुत येतो. त्यानं बनवली, मैंने क्यों नहीं बनाई?" मग फुलीकडं बघून हळूच म्हणाले, "बेटी, वहाँ बारा ट्रंक के बीच में ये एक खडी हो, तर साहब कुठं बघेल?"

"लिख ले, बेटी," चाची म्हणाली. "आता हा आदमी जेवायला पण येणार नाही."

भोंगा तयार होईपर्यंत फलक त्यांच्याकडंच राहिला. घरी जाऊन मी संतापाच्या भरात नववं पत्रक लिहिलं: 'शिवरात्रीच्या प्रदर्शनात चैनीची मोटार! स्वाभिमानी नागरिकांनी ती पाहायला जाऊ नये!' अध्यक्ष मास्तरांनी ते छापून घेतलं आणि गठ्ठे बेलवलीला, पालेगावला, जिथं ओळखीचं माणूस असेल तिथं पोचते केले. मास्तर एरवी चालायला हळू. त्याच कामात कोण घाई त्यांना.

तीन आठवडे चाचा खरंच जेवायला गेले नाहीत. चाची शेडवर भाकरी आणून देई. लष्कराची छावणी उठली तेव्हा मागं राहिलेल्या भंगारातून एका ट्रेलरचा सांगाडा मिळाला. अंग तुपाच्या डब्यांच्या पत्र्याचं. घुमटासाठी देवाच्या तसबिरींच्या काचा लोखंडी पट्ट्यांत बसवल्या, त्यामुळे घुमट काही गोल झाला नाही, आकाशकंदील झाला. पण नाक! पंख! मी नाही म्हणणार नाही. डावीकडून बघितलं तर ती चित्रातलीच मोटार होती. फक्त रंग वाळला की नाकावर 'शुद्ध तूप' एवढं पुसट वाचता येई.

शिवरात्रीला आठ दिवस उरले तेव्हा चाचांचा निरोप आला: ताबडतोब या, काम थांबलं आहे.

जाऊन बघते तर मोटारीला डावी बाजू होती आणि उजवी नव्हती. नुसता सांगाडा. शेजारी बादली, बादलीत माझा फलक भिजत घातलेला.

"दुसरी बाजू दे," चाचा म्हणाले.

"कसली दुसरी बाजू?"

"तुझे बाबा आले होते बघायला. म्हणाले, पान के पीछे फोटो था. उजवीकडून, दार उघडं. मी कल से भिजवतो. पुठ्ठा गळून गेला, तेरा गोंद नहीं गया."

मी बादलीत हात घातला. वर आला तो लगदा. त्यात हातमोज्याचं एक बोट तेवढं ओळखू आलं.

"त्यात काय एवढं," मी म्हटलं, पण आवाज खाली आला होता. "उजवी बाजू डावीसारखीच असणार. तशीच करा."

"देखा नहीं."

"अहो, तुमचा उजवा कान डाव्यासारखाच आहे ना?"

"माझ्या उजव्या कानात छेद आहे. नवस का. डाव्यात नाही." त्यांनी कान पुढं केला. होता छेद.

आता चाचांचा नियम सांगते, कारण सगळं त्या नियमावर अडलं होतं. कॅम्पात कुणी परदेशी वस्तू घेऊन येई, स्टोव्ह, टॉर्च, डब्याचं झाकण. चाचा ती समोर ठेवून हुबेहूब दुसरी करून देत. बघितल्याशिवाय एक खिळा मारत नसत. एकदाच त्यांनी स्टोव्हचा आतला भाग अंदाजानं केला होता. तो पेटवल्यावर तीन दारं ओलांडून गेला आणि चौथ्या घरच्या आमटीत उतरला. तेव्हापासून अंदाज बंद.

संध्याकाळी बाबा कामावरून सरळ तिकडं आले. मला वाटलं, सुशिक्षित माणूस आहे, काही मार्ग काढतील.

"चाचा बरोबर बोलतायत," बाबा म्हणाले. "ड्रॉइंगचा पण नियम आहे. जे दिसत नाही ते सरळ रेघेनं काढायचं नाही. ठिपक्याठिपक्यांची रेघ काढायची."

"ठिपके?" चाचांचे डोळे चमकले. "वो मैं कर सकता हूँ."

आणि या दोन प्रौढ, संसारी गृहस्थांनी उजव्या बाजूच्या कोऱ्या पत्र्यावर खडूनं एका न दिसणाऱ्या मोटारीच्या ठिपक्यांच्या रेघा काढल्या आणि प्रत्येक ठिपक्यावर खिळा ठेवून हातोडी मारली. दुसऱ्या दिवशी मी जाऊन बघितलं तर सबंध पत्र्याची किसणी झाली होती.

"साहब को बोलूँगा, ये दिसत नाही ते है," चाचा म्हणाले. पण म्हणताना ते पत्र्याकडं बघत नव्हते, दारावरच्या फुलीकडं बघत होते. चाची पापड लाटायची थांबली होती. ती मला एवढंच म्हणाली, "पुन्हा गाठोडं बांधायचं म्हणजे माझ्या हातात आता जोर नाही, बेटी."

मी पत्रकं लिहिते ती अन्यायाविरुद्ध. हा अन्याय मी स्वतः शिजवलेल्या खळीनं केला होता. शिवाय 'पाहायला जाऊ नये' हे वर छापून दिलं होतं. परत मागायला गेले तर मास्तर म्हणाले, "पत्रक म्हणजे बाण. भात्यात परत येत नाही." मग मी दुसरं काय करणार? चाचांना म्हटलं, "बघितल्याशिवाय करणार नाही ना? मग उद्या दाखवते."

बदलापूरला लाकडाच्या मोळ्या विकायला बारवीकडच्या पाड्यावरून एक आजी येई. तिची माझी ओळख पत्रकांमुळं. ती चुलीला घेऊन जाई. तिचे दोन मुलगे पाड्यावर डोली वाहायचे. दुसऱ्या दिवशी रविवार. तिघांना आणि डोलीला घेऊन मी अंबरनाथला उतरले आणि पाच नंबरला आले.

"काय करायचाय गो बाय?" आजीनं विचारलं.

"तुम्ही फक्त आजारी पडा, आजी."

"आज नाय जमायचा. लाकडां इकायचीत."

शेवटी तिची मोळी मीच विकत घेतली तेव्हा ती आजारी पडली. मुलग्यांनी तिला डोलीत घातली आणि उघड्या सांगाड्याशी आणली. चाचा दोरी घेऊन मागं-पुढं उड्या मारत मापं घेत होते.

"पैर इधर?" त्यांनी पुढची बाजू दाखवली.

"ओ!" थोरला मुलगा ओरडला. "जित्या मानसाचा डोसका फुडं. पाय फुडं मंजे मसनात."

चाचा थबकले. "सर आगे," त्यांनी स्वतःशी म्हटलं. "ये अमेरिका को मालूम नहीं होगा."

मग डोली दारातून आत न्यायची कशी, ते मुलग्यांनी दाखवलं. घराच्या चिंचोळ्या दारातून करतात तसंच: डोक्याकडचा जागेवर उभा राहिला आणि पायाकडचा गोल फिरून आत आला. चाचांनी ते तीनदा करायला लावलं. चौथ्यांदा आजी म्हणाली, "आता मी खरीच आजारी पडन." पण चाचांनी बघायचं ते बघितलं होतं. डोक्याकडं एक जाड खिळा, पायाकडं दोन छोटी चाकं. दार उघडलं की खाट आपोआप बाहेर वळणार. मासिकातल्या खुर्चीसारखी. हे त्यांना मी सांगितलं नाही. उगाच अमेरिकेला श्रेय कशाला?

पुढची मागणीपत्रिका आजीनं उभ्या उभ्या दिली. पायरी खाली, नेसलेलं लुगडं न उचलता चढता आलं पाहिजे. सोबतीला बाकडं, कारण दवाखान्यात एकटं कुणी जात नाही, एक आजारी आणि चार सोबती. भाकरी ठेवायला फडताळ. कंदिलाला कडी.

"आन बकरीला जागा," आजी म्हणाली.

"बकरी कशाला, आजी? ही रुग्णांची गाडी आहे!"

"घरची समदी माझ्यासंगं आली तर बकरी कोनापाशी ठिवू? तुज्यापाशी?"

मी बकरीच्या विरोधात बोलले. आजी, दोन मुलगे, चाचा आणि चाची बकरीच्या बाजूनं. ठराव पास. मग आजीची नजर त्या ठिपक्यांच्या पत्र्याकडं गेली. तिनं भोकांना गाल लावला. "वारा येतोय. ह्या मातर बेस केलंस, भावा." चाचांचा चेहरा असा फुलला, की इतकं कुणी त्यांच्या पंखांनाही म्हटलं नव्हतं.

शिवरात्रीच्या सकाळी मोटार ढकलत नेली ती त्याच अकरा ट्रंकवाल्यांनी. मी विचारलं, तुम्ही तर स्पर्धक ना? त्यातला एक म्हणाला, "स्पर्धा साहब आल्यावर. आत्ता चढ आहे."

मैदानात चाचांना जागा मिळाली ती नेमकी कुंपणाच्या भिंतीजवळ. डावी बाजू गर्दीकडं, उजवी भिंतीकडं. आजी येऊन खाटेवर पडून होती. बकरीही आली होती, कारण घरी कुणी नव्हतं.

आणि गर्दी! मंदिरातून दर्शन घेऊन निघालेली माणसं सरळ आमच्याकडं. पालेगावची, बेलवलीची, जिथं जिथं नववं पत्रक पोचलं होतं तिथली. प्रत्येकाच्या हातात ते पत्रक, वाट विचारायला. "पाहू नका म्हणतात ती मोटार कुठाय हो?" दीड वर्षं मी 'सभेला या' म्हणून पत्रकं काढली, तेव्हा मास्तर आणि मी आणि एकदा पोस्टमन. 'येऊ नका' म्हटलं तर जत्रा लोटली. मास्तर मला म्हणाले, "प्रचंड प्रतिसाद." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

"पंक कशाला वो, उडते काय?" कुणी विचारलं.

"कल उडेगी," चाचा म्हणाले.

दुपारी कॅम्पचे साहेब आले. बरोबर कारकून, त्याच्याकडं छापील अर्ज. अकरा ट्रंका झाल्या. चाची पंखाआड उभी राहून पदराचं टोक पिळत होती. साहेब मोटारीसमोर आले, हसले, नाकावरचं 'शुद्ध तूप' वाचून आणखी हसले.

"चालते?"

"नहीं, साहब."

"इंजिन?"

"जगह रखी है."

"वस्तूचा प्रकार काय लिहू, साहेब?" कारकुनानं विचारलं. "मोटार लिहायची तर इंजिनचा नंबर मागतात. गाडी लिहायची तर बैल लागतील. खेळणं लिहिलं तर एवढं खेळणं घ्यायला पोर कुठलं आणायचं?"

"मग आहे तरी काय हे?" साहेबांनी चाचांनाच विचारलं.

चाचांनी छाती पुढं काढली. मी मनात म्हटलं, चाचा, खोटं बोला. काहीही बोला.

"साहब, ये कल की मोटार है."

"बरं," साहेब म्हणाले, "मग कागदही कल देऊ." लोक हसले. कारकुनानं अर्ज मिटायला घेतला.

चाचीनं पदर पिळायचं थांबवलं. तेवढंच मला दिसलं. चाचांनी केलेला नवा भोंगा माझ्या हातात होता. साहेब माझ्यापासून दोन हातांवर होते, पण मला सवय सभेची. मी भोंगा तोंडाला लावला.

"साहेब! तुम्ही अर्धीच पाहिलीत! दुसऱ्या बाजूनं या!"

कारकुनाचा टाक पडला. साहेब कानावर हात ठेवून, बहुधा माझ्यापासून लांब जायचं म्हणूनच, शेपटीला वळसा घालून भिंत आणि मोटार यांच्या बोळात शिरले. मी मागोमाग. त्यांनी कडी दिसली म्हणून कडी उघडली.

चाचांची कडी त्या दिवशी नेमकी चोख बसली होती. दार उघडलं, खिळ्यावर खाट फिरली आणि गाढ झोपलेली आजी पायांकडून गर्रकन बाहेर आली. खाटेचा कोपरा साहेबांच्या गुडघ्याला लागला आणि साहेब मटकन पायरीवर बसले. पायरी खालीच होती, लागलं नाही.

आजी जागी झाली. "कोन गो ह्यो? आजारी हाय का?" मग त्यांना म्हणाली, "आत बस बाकड्याव. लाजू नको, चौघांची जागा हाय. बकरीला जरा सरकव."

साहेब का कुणास ठाऊक, आत बसले. आजीनं त्यांना सगळं दाखवलं, घर दाखवावं तसं. डोकं कुठं, पाय कुठं, भाकरी कुठं. भोकांतून उन्हाचे ठिपके साहेबांच्या टोपीवर पडले होते. "वारा येतो खरा," ते म्हणाले. मग बाकड्यावरनंच हाक मारली, "अहो, इकडं या. हे बघा आणि लिहा काहीतरी."

कारकून डोकावला. बोटांवर मोजायला लागला. "खाट आहे. बाक आहे. फडताळ आहे. कडी-कोयंडा आहे." त्याचा चेहरा उजळला; इतका वेळ सापडत नव्हतं ते सापडलं होतं. "साहेब, हे फर्निचर आहे!"

"फर्निचर," साहेब म्हणाले. "लिहा."

आता मला जाणणाऱ्यांना कळेल की त्या क्षणी माझ्या अंगात काय उसळलं. फर्निचर? दीड वर्षाची मागणी, बारवीचे पाडे, बांबूवर हेलकावणाऱ्या बाळंतिणी, आणि सरकारदरबारी हे फर्निचर? मी भोंगा उचलला. "जाहीर नि..."

चाचीनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो वळ आठवडाभर होता. "चुप," ती दातांतून म्हणाली. कारकुनाचा टाक अर्जावर चालला होता. मी चाचीकडं बघितलं, अर्जाकडं बघितलं. आणि तो निषेध गिळला. आयुष्यात पहिल्यांदाच मी घोषणा अर्ध्यावर सोडली, आणि तीही भोंग्यात, त्यामुळं 'नि' मैदानभर घुमत राहिला.

चाचांना पक्की जागा मिळाली, रस्त्यापासून चार हात आत. फर्निचरचा कारखाना म्हणून. चार दिवस ते रुसल्यासारखे बसून होते. "फर्निचर," मधूनच म्हणत. पण कागदावर जे लिहिलं ते करून दाखवणं भाग होतं, आणि चाचा बघितल्याशिवाय काही करत नाहीत. त्यांनी बघितलेली सगळ्यांत सुंदर वस्तू एकच होती. म्हणून पाच नंबरात आजही पत्र्याची जी कपाटं मिळतात त्यांना वर मागे दोन पंख असतात. हुंडा देऊ-घेऊ नये अशी माझी तीन पत्रकं आहेत. तरी लोक मुलीच्या लग्नात पंखाचं कपाट देतात आणि दारातून आत जात नाही म्हणून चाचांना बोलावतात. चाचा म्हणतात, सर आगे.

मोटार त्यांनी मधोमध कापली. डावी बाजू नव्या शेडवर पाटी म्हणून लावली. उजवी आजीच्या मुलग्यांनी बैलगाडीवर चढवून नेली. पहिल्याच महिन्यात तिच्यात बसून कोण गेलं म्हणता? नवरदेव. दुसऱ्याही महिन्यात नवरदेव. याविरुद्ध मी कडक पत्रक लिहिलं. ते पाड्यावर पोचलं आणि आजीच्या चुलीत गेलं. मग पावसाच्या तोंडावर आजीच्या शेजारणीची सून त्याच खाटेवर डोकं पुढं करून बदलापूरला आली, आणि मूल दवाखान्यात झालं, वाटेत नाही. त्यावर मी पत्रक काढलं नाही. दोनदा लिहायला बसले, पण निषेध करण्यासारखं काही सापडेना. सरकारची गाडी अजून आलेली नाही, हे मात्र इथं नोंदवून ठेवते.

गेल्या आठवड्यात बाबांनी क्लबातून नवं मासिक आणलं. पुन्हा प्रदर्शन, पुन्हा चौथरा, पुन्हा हातमोजे. या मोटारीला पुढं एकच चाक आहे आणि सुकाणूच्या जागी काठी. मी संतापले. मग पान उलटून बघितलं. मागे दाढीच्या साबणाची जाहिरात. खळीचं भांडं आमच्याही घरी आलेल्या चाचांच्या कपाटाच्या पंखामागं ठेवून दिलं आणि पान सुटंच पिशवीत घालून पाच नंबरला गेले.

चाचांनी ते लांब धरलं, जवळ धरलं, उलटं केलं, साबण बघितला.

"दूसरी बाजू?"

"रविवारपर्यंत थांबा," मी म्हटलं. "आजीला घेऊन येते."